ऑरेस्टचा बसलेला घसा

तपासणीच्या खोलीत पाऊल टाकल्याबरोबर डॉक्टर आर्वो साल्मीला भिंतीवर आर्वो साल्मी दिसला आणि तो दचकला. चुकून दुसऱ्याच कुणाच्या खोलीत शिरल्यासारखं "माफ करा" म्हणून मागे फिरावं, असंही क्षणभर त्याच्या मनात येऊन गेलं. भिंतीवरचा आर्वो हसत होता. गेल्या महिन्यात तातडीच्या विभागातल्या सगळ्या डॉक्टरांना एकेक करून उभं केलं होतं आणि त्यांचे फोटो काढले होते. कशासाठी, हे आर्वोने नीट विचारलं नव्हतं, कारण त्या दिवशी तिथे केक होता. केक खाता खाता त्याने कसल्याशा कागदावर सहीही केली होती. आता तो फोटो आणि ती सही, दोन्ही मोठी होऊन भिंतीवर चढली होती, आणि मधे टपोऱ्या अक्षरांत छापलं होतं की सर्दी, खोकला आणि बसलेला घसा अँटिबायोटिकने बरा होत नाही. गरज असेल तेव्हा मी ते नक्की देईन, गरज नसेल तेव्हा देणार नाही. हा माझा शब्द आहे. शब्द चांगला होता. आर्वोला तो पटतही होता. अडचण एवढीच होती की फोटोच्या बरोबर खाली, तपासणीच्या पलंगावर, पाय लोंबकळत सोडून ऑरेस्ट हुमेनिक बसला होता, आणि गावात असा एकच माणूस होता ज्याला आर्वो नाही म्हणू शकत नव्हता. खरं तर गावातल्या कुणालाच तो नाही म्हणू शकत नव्हता. पण ऑरेस्टला तर मुळीच नाही.

"काय रे, तू इथे?" आर्वोने विचारलं.

ऑरेस्टने तोंड उघडलं. सरोवराकाठच्या धान्याच्या कोठारांमध्ये जन्म घालवलेला हा माणूस. तिथली यंत्रं धडधडत असताना तळमजल्यावरून वरच्या मजल्यावरच्या गड्याला शिवी ऐकू जावी, असा त्याचा आवाज. निवृत्त झाल्यावर तो आवाज त्याने बर्फावरच्या दगडांच्या खेळाला वाहिला होता. चार जणांच्या त्यांच्या संघाचा तो कप्तान. पलीकडच्या टोकाला उभं राहून, घसरत येणाऱ्या दगडापुढे कधी झाडायचं, किती जोरात झाडायचं, हे ओरडून सांगायचं ते त्याने. बर्फ जितका झाडावा तितका दगड लांब जातो. आर्वो झाडणाऱ्यांतला. आज त्या तोंडातून नुसती हवा आली. फाटक्या भात्यातून यावी तशी.

"गेला," ऑरेस्ट कुजबुजला. गळ्याकडे बोट दाखवून परत म्हणाला, "सोमवारपासून. म्हणून काल खेळायला आलो नाही. शनिवारी अंतिम सामना. गोळ्या दे."

आर्वोने त्याला तपासलं. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ तपासलं, कारण तपासणं संपलं की बोलणं सुरू होणार होतं. ताप नव्हता. घसा थोडा लाल होता, पण पांढरं काही नव्हतं. मानेला गाठी नव्हत्या, छाती स्वच्छ होती, गिळायला त्रास नव्हता, श्वास मोकळा होता. आधी नाक वाहिलं, मग खोकला आला, मग आवाज बसला. वैद्यकीच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही सुटेल असं गणित. अशा घशाला गोळी काहीच करत नाही. घसा आपला आपण बसतो आणि आपला आपण उठतो. हे सगळं आर्वोला तीस वर्षं ठाऊक होतं, आणि ती तीस वर्षं तो गोळ्या लिहून देत आला होता. विभागात दर महिन्याला कोण किती अँटिबायोटिक लिहितं याचा आलेख निघे आणि आर्वोचा ठिपका सगळ्यांपासून लांब, पंगतीतून उठवल्यासारखा एकटाच वर बसलेला असे. विभागप्रमुख बाई त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, "आर्वो, तू फार प्रेमळ आहेस रे." ते बक्षीस आहे की खरडपट्टी, हे त्याला कधी कळलं नाही.

प्रेमळपणा त्याच्या आईचा. रेल्वेच्या रुळाकडेला त्यांचं लाकडी घर होतं, आणि त्या घरातून कुणी रिकाम्या हाताने गेलेलं आर्वोने पाहिलं नव्हतं. विजेचं मीटर बघायला आलेला माणूस, पाद्री, रस्ता चुकलेला शिकारी, भांडायला आलेली शेजारीण, जाताना प्रत्येकाच्या हातात वेलदोड्याच्या गोड पावाचं कागदात बांधलेलं पुडकं असायचंच. शेजारीण भांडण अर्धवट टाकून जायची, कारण हातात पुडकं घेऊन भांडता येत नाही. एकदा आई आजारी असताना पाव झाला नव्हता आणि लाकूड पोचवायला आलेल्या माणसाला तिने परसातला कोबी दिला होता. तो माणूस कोबी काखेत मारून, काही न कळून, बर्फातून चालत गेला. ते दृश्य आर्वोच्या डोळ्यांपुढून कधी हललं नाही. पुढे तो डॉक्टर झाला, आणि चार तास बाकावर बसून कंटाळलेला, शिंकणारा, हक्काने काहीतरी मागणारा माणूस समोर आला की त्याच्या आत आई उठून उभी राहायची आणि कपाट धुंडाळायला लागायची. 'विश्रांती घ्या, पाणी प्या' हे काही पुडकं नव्हे. तो तर कोबीसुद्धा नव्हे. मग तो कागद ओढून गोळ्या लिही. माणसाचा चेहरा उजळे. दोन मिनिटांत दोघेही सुखी. कुणाला मागून जुलाब लागत, कुणाच्या अंगावर चट्टे उठत, आणि पुढेमागे खरंच जीवघेणा जंतू आला तर त्याच गोळ्या त्याच्यापुढे बोथट ठरणार होत्या, पण ते सगळं दाराबाहेर, नंतर. दाराच्या आत आर्वो गावाचा लाडका होता.

"ऑरेस्ट," आर्वो म्हणाला, आणि आपणही कुजबुजतोय हे त्याच्या लक्षात आलं. समोरचा कुजबुजत असला की मोठ्याने बोलणं उद्धटपणाचं वाटतं. "हा विषाणू आहे. याच्यावर गोळी चालत नाही."

"स्टॅनला चालली."

"स्टॅनचं वेगळं होतं."

"काय वेगळं? स्टॅनला दिल्यास. स्टॅनच्या बायकोला दिल्यास. त्यांचा कुत्रा शिंकला असता तर त्यालाही दिल्या असत्यास."

"तेव्हा चूक झाली."

"बरं," ऑरेस्ट कुजबुजला. "मग आणखी एक कर."

आर्वोने नाइलाजाने वर पाहिलं. भिंतीवरचा आर्वो हसतच होता. ऑरेस्टनेही मान वळवून वर पाहिलं, मग खालच्या आर्वोकडे पाहिलं, मग परत वर. ओठ हलवत त्याने सगळा मजकूर वाचला.

"हा कोण?"

"मी."

"हा हसतोय."

"केक होता त्या दिवशी."

"आर्वो, या केकवाल्याला सांग, तोंड भिंतीकडे कर. दोन मिनिटं. आपण दोघंच आहोत."

आर्वोला हसू आलं, पण ते त्याने लगेच आवरलं. कारण चार वर्षांपूर्वी असंच, कुणी नसताना, हा माणूस त्याच्या दारात उभा राहिला होता. त्याची बायको मार्यात्ता गेल्यानंतरचे दिवस. गावातली माणसं येत, बसत, 'काही लागलं तर सांग' म्हणत आणि जात. घरात भांड्यांवर झाकणं आणि झाकणांवर भांडी साचली होती, सगळ्यांनी आणून दिलेल्या जेवणाची. ऑरेस्टची आणि त्याची तेव्हा जेमतेम ओळख. ऑरेस्ट आत आला नाही, बसला नाही, मार्यात्ताचं नावही त्याने काढलं नाही. झाडू त्याच्या हातात ठेवला आणि रस्त्यापलीकडच्या घरांतही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मंगळवारी सातला. तुला येत नाही हे मला माहीत आहे. बूट आण." तेव्हापासून मंगळवार होता. मंगळवार होता म्हणून बुधवार काढता येत होता. बर्फावर वाकून झाडताना, मागून येणाऱ्या दगडाची घरघर आणि पुढून येणाऱ्या ऑरेस्टच्या शिव्या यांच्यामधे माणसाला दुसरं काही आठवायला जागाच उरत नसे. असा तो आवाज. तो गेला होता, आणि तो परत आणायला आर्वोकडे औषध नव्हतं, आणि जे औषध नव्हतंच ते न दिल्याबद्दल आर्वोचा मंगळवार जाणार होता.

"नाही," आर्वो कुजबुजला. शब्द इतका लहान निघाला की तो आपण बोललो की नुसता श्वास सोडला, याची त्यालाच खात्री नव्हती. म्हणून तो पुन्हा म्हणाला, "नाही देणार. शप्पथ सांगतो, उपयोग असता तर पोतंभर दिल्या असत्या. पाणी पी. गप्प राहा. कुजबुजूसुद्धा नकोस, त्यानेही घशावर ताण येतो. चारपाच दिवसांत आपोआप येईल."

याच सुमाराला परिचारिका जीनेट पडद्याआड येऊन थांबली होती. बावीस खाटांच्या त्या कोलाहलात तिने खूप काही ऐकलं होतं, पण ऑरेस्ट हुमेनिक आणि डॉक्टर साल्मी एकमेकांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन इतक्या हळू बोलताना तिने कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टर इतक्या हळू केव्हा बोलतात, हे तिला अनुभवाने माहीत होतं. ती पाऊल न वाजवता आत आली. तिने कागदी रुमालांचा डबा ऑरेस्टच्या मांडीवर ठेवला, त्याचा खांदा दाबला, आणि बाहेर जाऊन बाकावरच्या त्याच्या बायकोला, स्टेफाला, हाताला धरून घेऊन आली. "धीर धरा हं ताई," एवढंच ती दारात म्हणाली.

स्टेफाने नवऱ्याच्या मांडीवरचा तो डबा पाहिला. आर्वोचा चेहरा पाहिला, जो आधीच पांढरा पडला होता.

"किती दिवस आहेत?" तिने विचारलं.

"चारपाच," आर्वो म्हणाला.

स्टेफाने किंकाळी फोडली ती बाहेर गाड्या उभ्या करतात तिथपर्यंत गेली. ऑरेस्ट दोन्ही हात हलवत 'नाही, नाही' म्हणत होता, पण त्याचं कुणाला ऐकू येत नव्हतं. जीनेटने रुमाल पुढे केले. सगळा उलगडा व्हायला वेळ लागला, आणि झाल्यावर स्टेफा डोळे पुसत जी उसळली ती नवऱ्यावरच. "घसा बसलाय? नुसता? अरे मेल्या, एवढ्यात मी तुझ्या काळ्या कोटाचासुद्धा विचार करून ठेवला! लग्नाला इतकी वर्षं झाली, घरात पहिल्यांदा शांतता आलीय, आणि हा ती घालवायला औषध मागायला आला! डॉक्टर, तुम्हाला माझी शपथ आहे, देऊ नका काही."

पण ऑरेस्ट हसला नाही. तो पलंगावरून उतरला, कोट चढवला, टोपी घातली, आणि जाता जाता आर्वोच्या कानाशी वाकून, शेवटचा उरलेला वारा वापरून म्हणाला, "शनिवारी माझ्या बर्फावर येऊ नकोस. तुझ्या जागी पोस्टातला रोलंड आहे." आणि रिकामे हात खिशात घालून निघून गेला. आर्वो काचेतून बघत राहिला. गाडीपर्यंत पोचून तो वळून बघेल असं आर्वोला वाटलं. तो वळला नाही. बर्फावरून चालताना माणूस सहसा वळत नाही, पडायला होतं, असं आर्वोने स्वतःला सांगितलं.

गुरुवारी त्याने पाच जणांना नाही म्हटलं. पहिलं नाही सगळ्यात जड होतं, दुसरं तेवढंच जड होतं, तिसऱ्यापासून हलकं होईल असं विभागप्रमुख बाई म्हणाल्या होत्या, पण तसं काही झालं नाही. एकीला खरंच न्युमोनिया होता. तिला गोळ्या लिहून देताना त्याला इतका आनंद झाला की ती घाबरली. मधे त्याने ऑरेस्टच्या घरी फोन केला. स्टेफाने उचलला.

"कसा आहे?"

"बोलत नाहीये."

"माझ्याशी बोलत नाहीये, की त्याला बोलता येत नाहीये?"

पलीकडे स्टेफाने बहुतेक नवऱ्याकडे पाहिलं असावं. "ते मला कसं कळणार डॉक्टर? दिसायला सारखंच दिसतं."

हे वाक्य घेऊन आर्वो दोन दिवस घरात फिरला. सॉनामध्ये गरम दगडांवर पाणी टाकलं की वाफ सुस्कारते, तीही त्याला ऑरेस्टसारखी वाटली. मार्यात्ता कधी रागावली की गप्प बसे, पण तिच्या गप्प बसण्याला दिशा असायची. ती कपाटाकडे बघून गप्प बसली तर कपाट आवरायचं राहिलंय, दाराकडे बघून गप्प बसली तर बर्फ उपसायचा राहिलाय. त्या शांततेत उभं राहायला जमीन होती. ही शांतता धुक्यातल्या सरोवरासारखी, काठ कुठे आहे ते कळत नव्हतं. कधी त्याला वाटे, आपण किती मूर्ख, चार गोळ्या दिल्या असत्या तर काय आभाळ कोसळलं असतं? कधी वाटे, एवढ्या चार गोळ्यांवर उभी असलेली मैत्री ती काय मैत्री. आणि मग त्याला आठवे की आपली गावातली सगळीच मैत्री त्याच गोळ्यांवर उभी आहे. शुक्रवारी रात्रीच्या जेवणाला त्याने सूप केलं आणि गिळताना त्याचा स्वतःचाच घसा किंचित खवखवला. काळजीने, असं त्याला वाटलं. इतका चांगला डॉक्टर होता तो.

शनिवारी दुपारी तो बूट घेऊन गेलाच. 'येऊ नकोस' असं कुजबुजून सांगितलेलं धरायचं की नाही, याचा निकाल त्याच्याने लागला नव्हता. क्लबच्या बर्फाशी ऑरेस्ट झाडू घेऊन उभा होता, गळ्याला स्टेफाने विणलेला मफलर. शेजारी पोस्टातला रोलंड, बूट घालून तयार. ऑरेस्टने आर्वोकडे पाहिलं. रोलंडकडे पाहिलं. मग हनुवटीने बर्फाकडे खूण केली, आणि रोलंड आणि आर्वो दोघेही एकदमच पुढे झाले. ऑरेस्टने रोलंडच्या जाकिटाची कॉलर धरून त्याला बाकावर बसवलं. आर्वोला आनंद झाला, पण तो फार टिकला नाही, कारण रोलंड इतका वाईट खेळत असे की त्यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं.

सामना मुकाट्याने चालला. ऑरेस्ट झाडूने खुणा करी, हात वर करी, पाय आपटी. लांबून तो माशा हाकणाऱ्या माणसासारखा दिसे. एकदा त्याने कपाळ पुसलं तर दोघे जण जिवाच्या आकांताने झाडू लागले. प्रेक्षक हसले. एवढं होऊनही शेवटचा दगड येईतो बरोबरी होती. तो दगड निघाला, आर्वो त्याच्यापुढे वाकून धावू लागला, आणि दगड जरा मंद पडतोय हे त्याला झाडूतून जाणवलं. त्याने मान वर करून ऑरेस्टकडे पाहिलं. ऑरेस्टचं तोंड उघडलं होतं, मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. मग, जुन्या लाकडी पेटाऱ्याचं झाकण उघडावं तसा आधी नुसता करकराट आला, आणि त्याच्या पाठोपाठ—

"झाड! अरे झाड ना, साल्मीच्या रेड्या! झोपलास काय! झाड!"

सगळा क्लब दणाणला. आर्वो झाडू लागला. डोळ्यांत पाणी आल्यामुळे त्याला दगड नीट दिसत नव्हता, तरी झाडत राहिला. आपलं नाव आणि आपला रेडा, दोन्ही एका दमात ऐकून त्याला इतकं बरं वाटलं की तो गरजेपेक्षा जास्त झाडून बसला. दगड जिथे थांबायचा तिथून वीतभर पुढे गेला, आणि ते हरले.

खेळानंतर जिंकलेल्यांनी हरलेल्यांना पाजायचं आणि आठही जणांनी एकाच टेबलाशी बसायचं, ही तिथली रीत. सगळे ऑरेस्टच्या आवाजाबद्दलच बोलत होते. आर्वो त्याच्या शेजारची खुर्ची मिळवून बसला. सोमवारी बसलेला घसा शनिवारी उठला होता, त्याने सांगितलं होतं तसा, आपला आपण. आता कुणीतरी विचारील, आणि ऑरेस्ट म्हणेल, 'या गाढवाचंच खरं निघालं.' आर्वोने नम्र दिसण्याची तयारी केली.

"काय केलंस रे?" जिंकलेल्यांच्या कप्तानाने विचारलं.

"गोळ्या!" ऑरेस्ट गरजला. "बाजारातल्या त्या दवाखान्यात गेलो गुरुवारी. तिथली पोरगी. माझ्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही तिने, इतकी हुशार! दोन मिनिटांत लिहून दिल्या. दोन दिवसांत आवाज हजर!"

"कुठल्या गोळ्या? नाव काय?" टेबलाभोवतीच्या माना पुढे झाल्या. एकाने खिशातून पेन काढलं.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली होती, आणि आता आख्खा क्लब कावळ्याचा पत्ता विचारत होता. आर्वो उठून उभा राहिला. आज प्रथमच त्याला सगळ्यांसमोर, मोठ्याने, स्वच्छ बोलायचं होतं. तो घसा गोळ्यांशिवायही आजच उठला असता, हे सांगायचं होतं. उरलेल्या गोळ्या कुणाला देऊ नका, हे सांगायचं होतं. त्याने तोंड उघडलं.

हवा आली.

त्याने खाकरून परत पाहिलं. परत हवाच. बुधवारी अर्धा तास ऑरेस्टच्या तोंडाशी तोंड नेऊन कुजबुजल्याचं फळ ते. टेबलाशी असा हशा उसळला की कुणाचातरी ग्लास लवंडला.

"लागला! डॉक्टरला लागला!"

ऑरेस्ट हसला नाही. तो धडपडत उठला, कोट शोधला, खिसे चाचपले, आणि एक लहानशी बाटली काढून आर्वोच्या तळहातावर उपडी केली. चार गोळ्या. "घे," तो म्हणाला. आवाज अजून चिरका होता, पण त्यात नेहमीचा दणका होता. "मला आता कशाला? मी बरा झालो. घे, लाजू नकोस. अरे, तू गप्प बसलास तर मंगळवारी मी कुणावर ओरडू?" आणि दुसऱ्या हाताने त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला.

आर्वोच्या हातात त्या चार गोळ्या होत्या. तीस वर्षं त्याने त्या लिहून दिल्या होत्या, पण त्या अशा तळहातावर, समोरच्याच्या खिशातल्या उबेसकट, त्याला कधी कुणी दिल्या नव्हत्या. त्या घेणाऱ्याच्या पोटात काय होतं ते त्याला आता कळलं. आजार जाईल असं वाटतच नाही, वाटतं ते हातात पुडकं पडल्यासारखं. सात जण बघत होते. नाही म्हणायला आवाज नव्हता, आणि असता तरी या माणसाला दोनदा नाही म्हणण्याचं बळ त्याच्याकडे होतं की नव्हतं, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. त्याने ग्लास घेतला. गोळ्यांची मूठ ओठांपर्यंत नेली. तिथे ती थांबली. मग हळूच खाली आली, जाकिटाच्या खिशात गेली आणि रिकामी होऊन बाहेर आली. मग आर्वो सगळं पाणी घटाघटा प्यायला.

बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. ऑरेस्टच्या आलं होतं. तो हातभर अंतरावर उभा होता आणि त्याची नजर आर्वोच्या खिशावर होती. त्याचं तोंड उघडलं. मानेची शीर उठली. आर्वोने डोळे मिटून घेतले.

पण ऑरेस्टने तोंड मिटलं. आर्वोच्या हातातला रिकामा ग्लास घेतला, जगमधून पुन्हा भरला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला. आवाज शाबूत असताना ऑरेस्ट हुमेनिक गप्प बसलेला त्या क्लबात कुणी पाहिला नव्हता, आणि त्या दिवशीही आर्वोखेरीज कुणी पाहिला नाही.